खण आणि त्याची पट्टी : गोराई व साष्टीतील घरगुती लाकूडसामानाच्या इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन

मुंबई इलाख्यातील लाकूडसामानाचा इतिहास आजवर बहुतांशी नक्षीचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. जॉर्ज बर्डवूड यांनी १८८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात हिंदुस्थानातील औद्योगिक कलांचा परामर्श घेतला. त्यात मुंबईच्या शिसवी सामानाला स्थान मिळाले, आणि तेव्हापासून या विषयावर लिहिणाऱ्यांची दृष्टी कोरलेल्या पाठी, जाळीदार कठडे आणि वेलबुट्टीचे पाय यांच्यावरच खिळून राहिली. कपाटाचा दर्शनी भाग पाहून त्याचे घराणे ठरवावयाचे, अशी रीत पडून गेली. तथापि जे सामान दोनतीन पिढ्या रोज वापरले गेले, त्याचा खरा वृत्तांत दर्शनी भागावर सापडत नाही. तो सापडतो खण बाहेर काढल्यावर आतल्या अंधारात दिसणाऱ्या दोन साध्या लाकडी पट्ट्यांवर. खण ज्यांच्यावर पुढेमागे सरकतो त्या या पट्ट्या कोणी कोरीत नाही, रंगवीत नाही, विकताना दाखवीत नाही. झिजतात मात्र सर्वांत आधी त्याच, आणि सुताराचा हात सर्वांत अधिक वेळा फिरतो तोही त्यांच्याच अंगावरून.

या साधनाचा विचार गोराई गावाच्या निमित्ताने करणे अनेक कारणांनी सोयीचे आहे. गोराई हे आज मुंबई उपनगर जिल्ह्यात मोडत असले, तरी बोरिवलीपासून ते खाडीने वेगळे झालेले आहे. उत्तन, मनोरी, डोंगरी, कुलवेम इत्यादी वस्त्यांसह ते ज्या भूभागावर वसले आहे त्यास जुन्या कागदपत्रांत धारावी बेट म्हणतात; मुंबई शहरातील धारावीशी त्याची गल्लत करू नये. १५३४ च्या तहाने वसई व तिच्या ताब्यातील मुलूख पोर्तुगीजांकडे गेला, आणि १७३७ ते १७३९ या वर्षांतील मोहिमेने तो मराठ्यांनी घेतला. पुढे १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला जिंकला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. तीन राजवटी पाहिलेल्या या किनाऱ्यावर कोळी, शेतकरी आणि पुढे १८८७ पासून स्वतःस ईस्ट इंडियन म्हणवून घेणारा ख्रिस्ती समाज शेजारीशेजारी नांदत आला. पोर्तुगीजांचे चर्च, मुंबईची बाजारपेठ आणि समुद्रकाठची सुतारकी हे तिन्ही प्रवाह या एका ठिकाणी एकत्र येतात. खणाच्या इतिहासाला लागणारे हेच तीन धागे आहेत.

प्रथम शब्दाचा विचार केला पाहिजे. घरातील लाकूडकामाशी संबंधित असे कितीतरी पोर्तुगीज शब्द मराठीने आपलेसे केले आहेत. ‘चावी’ हा ‘शाव्ह’वरून आला, ‘बिजागरी’ हा ‘बिसाग्रा’वरून, ‘अलमारी’चे मूळ ‘आर्मारिउ’ या शब्दात आहे. आणि ज्या प्रसंगी हे सामान एका घरातून दुसऱ्या घरात जाते त्या ‘लिलावा’चे नावही पोर्तुगीजच. असे असता खणाला पोर्तुगीजांचा ‘गाव्हेता’ हा शब्द मराठीत रुजला नाही, ही गोष्ट चिंतनीय आहे. ‘गाव्हेता’चा मूळ लॅटिन अर्थ वाडग्यासारखे भांडे असा सांगतात, म्हणजे पोर्तुगीजांनी या वस्तूस भांडे मानले. इंग्रजीत तिला ओढावयाची वस्तू म्हटले. ‘ड्रॉवर’ हा शब्द क्रियेवरून आलेला आहे. मराठीने मात्र तिला ‘खण’ म्हटले, आणि हा शब्द घरबांधणीतला होय. दोन तुळयांमधील जागा म्हणजे खण. पेशवाईतील कागदांत घराचे मोजमाप खणांनीच दिलेले असते. गुजरातीतही या वस्तूस ‘खानुं’ असे कप्पादर्शकच नाव आहे. यावरून असे म्हणावयास हरकत नाही की मराठी माणसाने या परकीय वस्तूकडे पाहताना तिच्या हलणाऱ्या डब्याकडे पाहिले नाही, डबा काढल्यावर जी पोकळी उरते तिच्याकडे पाहिले. घराला जसे खण तसे कपाटाला खण. आणि घराचा खण जसा तुळईवर, तसा कपाटाचा खण पट्टीवर अवलंबून असतो. पट्टीला मात्र कोणतेही खास नाव मिळाले नाही. सुतार तिला आजही नुसते ‘पट्टी’ म्हणतो, किंवा इंग्रजी ‘रनर’ हा शब्द वापरतो.

हे नाव न मिळण्याचे कारण जुन्या गृहव्यवस्थेत शोधावे लागेल. कोकणातील घरात वस्तू ठेवण्याच्या जागा पुष्कळ होत्या : भिंतीतला कोनाडा, फडताळ, टांगलेले शिंके, उतरंड, पेटारा, संदूक. यांपैकी एकीतही सरकणारा भाग नाही. पेटीचे झाकण वर उचलले जाते, म्हणून पेटी म्हातारी होते ती बिजागरीपाशी. खणाचे म्हातारपण पट्टीपाशी सुरू होते. बिजागरी ही विकत घेता येणारी धातूची वस्तू आहे; ती मोडली तर दुसरी बसवावी, प्रश्न मिटला. पट्टी ही त्या त्या कपाटाच्या मापाने, त्या त्या जागी घडवावी लागते. परकी वस्तू घरात आली तेव्हा तिच्याबरोबर दुरुस्तीचे ज्ञान आले नाही. ते येथील सुतारास स्वतः मिळवावे लागले.

ही वस्तू या किनाऱ्यावर पोर्तुगीज चालीरीतींबरोबर आली. तिची दोन रूपे विशेष लक्षात घेण्याजोगी आहेत. पहिले चर्चमधले. पाद्र्यांची पूजावस्त्रे भरजरी व जड असतात. ती घडी न मोडता आडवी ठेवावी लागतात. त्यासाठी चर्चच्या वस्त्रागारात पोर्तुगीज ज्यास ‘आर्काझ’ म्हणतात तसे रुंद, उथळ खणांचे भले मोठे कपाट ठेवीत. जुन्या गोव्यातील बॉम जेझूच्या वस्त्रागारात अशी कपाटे प्रसिद्ध आहेत. गोराईचे चर्च तीन राजांना, म्हणजे बाल येशूच्या दर्शनास आलेल्या तीन ज्ञानी पुरुषांना, वाहिलेले आहे. वसई प्रांतात जेथे जेथे अशी उपासना होती तेथे तेथे पूजावस्त्रे आडवी ठेवण्याची गरजही होती. दुसरे रूप श्रीमंत घरांतले. ‘कोंतादोर’ नावाचे, लहान लहान चौकोनी खणांनी भरलेले आणि चार पायांच्या घोडीवर ठेवलेले सतराव्या शतकातील कपाट हे हिंदी-पोर्तुगीज कारागिरीचे सर्वपरिचित उदाहरण होय. सागवानावर काळ्या लाकडाची आणि हस्तिदंताची जडणघडण केलेले हे नमुने आज युरोपातील संग्रहालयांत मानाने ठेवलेले आहेत. १६०८ ते १६१० च्या सुमारास गोव्यात राहिलेला फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हाल याने चौल येथे बनणाऱ्या पेट्या, डबे आणि चिनी धर्तीच्या कपाटिका यांची वाखाणणी केली आहे. तेव्हा ही कारागिरी केवळ गोव्याची किंवा गुजरातची होती असे नव्हे. उत्तर कोकणच्या दाराशीही ती होती.

या दोन रूपांत खण सरकण्याची पद्धत मात्र भिन्न आहे, आणि हा भेद तांत्रिक म्हणून सोडून देण्यासारखा नाही. कोंतादोरातला लहान खण दोन पट्ट्यांवर सरकत नाही. खालची संपूर्ण आडवी फळीच त्याचा आधार असते. वजन थोडे, आधार विस्तृत, म्हणून झीज अल्प. मोठ्या खणांसाठी युरोपात सतराव्या शतकात दुसरी रीत होती : खणाच्या दोन्ही बाजूंच्या फळ्यांत मध्यभागी आडवी खाच घ्यावयाची आणि कपाटाच्या आतील अंगास ठोकलेली पट्टी त्या खाचेत बसवून खण जणू दोन्ही बगलांनी लटकत ठेवावयाचा. या रीतीत बाजूची फळी जाड लागते आणि खाचेची वरची कड झिजली की खण खाली बसतो. पुढे, इंग्लंडात सतराव्या शतकाच्या अखेरीपासून, खणाच्या बाजूंची खालची कडच पट्टीवर टेकविण्याची तिसरी रीत रूढ झाली. इंग्रजी अमदानीत मुंबईत जे मेज, जी खणांची कपाटे आणि जी लिहावयाची डेस्के बनली ती या तिसऱ्या रीतीची. साहजिकच बगलेत खाच असलेला मोठा खण दिसला तर त्याचा घाट जुन्या परंपरेतला आहे असा तर्क करता येतो. हा तर्क एकट्याच्या बळावर निर्णायक मानू नये, कारण खेड्यातला सुतार जुनी रीत नवी रीत आल्यावरही शंभर वर्षे चालवू शकतो. तरीही पायांच्या नक्षीवरून काल ठरविण्यापेक्षा हा तर्क अधिक भरवशाचा आहे. नक्षीची नक्कल मागणीप्रमाणे करीत असत, खाचेची नक्कल करावयास कोणी सांगत नसे.

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या मेडोज स्ट्रीटवर, म्हणजे आजच्या नगीनदास मास्टर मार्गावर, शिसवी सामानाचा व्यापार भरभराटला. पारशी व इंग्रज घरांत ते सामान गेले. इंग्रज अधिकारी बदलून किंवा मायदेशी जाताना ते लिलावात निघे आणि दुसऱ्या, तिसऱ्या घरात शिरे. १८६७ मध्ये विरारपासून बॅकबेपर्यंत आगगाडी सुरू झाली आणि साष्टीची गावे शहराच्या बाजारास जोडली गेली. गोराईस मात्र बोरिवलीहून येणारी जवळची वाट होडीचीच राहिली. जड कपाट भरतीची वेळ साधून होडीत चढवावयाचे, उतरवावयाचे आणि वाळूतून घरापर्यंत न्यावयाचे, हा खटाटोप ध्यानात घेतला म्हणजे अशा गावी जुने टाकून नवे आणण्यापेक्षा जुने दुरुस्त करण्याकडे कल का असावा हे निराळे सांगावयास नको. आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकांनी या साध्या गोष्टीकडे लक्ष द्यावयास हवे. खरेदीच्या नोंदी क्वचित राहतात, दुरुस्तीच्या तर राहतच नाहीत. राहते ते लाकूड.

लाकूड काय सांगते हे समजण्यासाठी झिजेचा क्रम नीट पाहिला पाहिजे. भरलेला खण बंद असतो तेव्हा त्याचे वजन पट्टीच्या सगळ्या लांबीवर वाटलेले असते. तो ओढू लागले की पुढचा भाग बाहेर येऊन अधांतरी होतो आणि सगळा भार पट्टीच्या पुढच्या टोकावर येऊन पडतो. त्याच वेळी खणाचा मागचा भाग वर उचलला जाऊन वरच्या पट्टीस टेकतो. म्हणून पट्टी झिजते ती पुढच्या टोकाशी. खणाच्या बाजूची कड मात्र मागील अंगास अधिक झिजते, कारण सर्वांत अधिक भार असताना पट्टीच्या टोकावरून तिचा मागचाच भाग घासत जातो. पट्टी पुढे उतरती आणि खणाची कड मागे उतरती, अशा परस्परविरुद्ध दोन झिजा एकाच वेळी चालतात. परिणामी बंद केलेल्या खणाचे तोंड खाली झुकते, वर फट दिसू लागते आणि दर्शनी फळीची खालची कड कपाटाच्या आडव्या पट्टीस खरवडते. घरातले माणूस म्हणते, ‘खण अडतो’. वास्तविक खण अडत नसतो, पडत असतो.

झीज कोणाची अधिक, हे दोन लाकडांच्या कठीणपणावर अवलंबून आहे. शिसवाच्या पट्टीवर सागाचा खण फिरला तर सागाची कड जाते. सागाच्या पट्टीवर शिसवी बाजू फिरली तर पट्टीत खोल चर पडतो. मुंबईच्या सामानात दर्शनी भाग शिसवी आणि आतला भाग सागवानी किंवा त्याहून हलक्या लाकडाचा, अशी काटकसर केलेली पुष्कळदा आढळते. ग्राहकाला दिसणार नाही तेथे स्वस्त लाकूड घालावयाचे, ही व्यापारी बुद्धी सर्व देशांत सारखीच! तिचा दंड दुसऱ्या पिढीला भरावा लागतो. खणांसाठी शिवणीचे लाकूड वापरण्याची रीत याउलट समंजसपणाची म्हणावी लागेल, कारण ते हलके असून दमट हवेत फारसे वेडेवाकडे होत नाही.

दमट हवेचा उल्लेख ओघाने आलाच आहे. सांताक्रूझ येथील वेधशाळेच्या सरासरीप्रमाणे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सुमारे २३०० मिलिमीटर पाऊस होतो. या दिवसांत लाकूड हवेतील ओल शोषून घेते आणि फुगते; परंतु ते सर्व बाजूंनी सारखे फुगत नाही. रेषांच्या दिशेने, म्हणजे लांबीत, ते जवळजवळ वाढत नाही. वाढते ते रुंदीत. खणाच्या बाजूची सहा इंच उंचीची सागवानी फळी उन्हाळ्यातून पावसाळ्यात जाताना एक ते दीड मिलिमीटर वाढू शकते, आणि तेवढ्याने खण वर अडकतो. यावर घाईने केला जाणारा उपाय म्हणजे श्रावणात खण काढून त्याची कड रंध्याने तासणे. दिवाळीनंतर हवा कोरडी पडली की तोच खण सैल होतो, डोलू लागतो आणि डोलताना पट्टी दुपटीने झिजवितो. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तासणी. एखाद्या जुन्या खणाच्या वरच्या कडेवर रंध्याच्या एकाहून अधिक वेळच्या फेऱ्या दिसतात, तेव्हा त्या घराने दुरुस्ती ऋतू न पाहता केली असा निष्कर्ष काढावयास जागा आहे. उलट खालच्या कडेस चीप जोडलेली आणि वरची कड मुळातली, अशी स्थिती असेल तर तेथे जाणता कारागीर येऊन गेला असे समजावे. त्याने दोषाचे मूळ वर शोधले नाही, खाली शोधले.

जाणत्या कारागिराच्या दुरुस्तीचा क्रम पुढीलप्रमाणे असे. प्रथम खण रिकामा करून गुण्याने तो काटकोनात आहे की नाही हे पाहावयाचे. सांधे सैल असतील तर आधी ते बसवावयाचे, कारण वाकड्या खणाला सरळ पट्टी देऊन उपयोग नसतो. मग बाजूची झिजलेली कड खाचखळग्यांसकट तासून एका सरळ तिरप्या रेषेत आणावयाची आणि तिच्यावर एका टोकास पातळ व दुसऱ्या टोकास जाड अशी पाचरीच्या घाटाची चीप सरसाने चिकटवून मूळची उंची परत करावयाची. चिपेच्या रेषा फळीच्या रेषांबरोबर लांबीतच धावल्या पाहिजेत. आडव्या गेल्या तर चीप सहज तुटते. पट्टीच्या बाबतीत सर्वांत सोपा उपाय ती काढून उलटी बसविणे हा होय. खालची न झिजलेली बाजू वर येते आणि एक पिढी निभावते. दोन्ही बाजू झिजल्या असतील तर चराची जागा पटाशीने सपाट खोदून तीत कठीण लाकडाचा तुकडा बसवीत, किंवा पट्टीच नवी करीत.

नवी पट्टी बसविताना एक चूक फार घडते. पट्टीच्या रेषा पुढून मागे धावतात, तर कपाटाच्या बाजूच्या फळीच्या रेषा उभ्या असतात. ही फळी सोळा इंच रुंद असली तर ऋतुमानाप्रमाणे ती तीनचार मिलिमीटर कमीजास्त होते. पट्टी मात्र लांबीत हलत नाही. पट्टी संपूर्ण लांबीभर सरस लावून घट्ट बसविली की दोघींत ओढाताण सुरू होते आणि शेवटी रुंद फळी तडकते. म्हणून पट्टीचे पुढचे टोक घट्ट करून मागच्या टोकास लांबट भोकातून एकच स्क्रू घालावयाचा, म्हणजे फळीला हालचालीस मोकळीक राहते. जुन्या कपाटांच्या कुशीला पडलेल्या उभ्या चिरा पाहून सामान निकृष्ट लाकडाचे होते असे म्हणण्याचा प्रघात आहे. पुष्कळदा दोष लाकडाचा नसून नंतरच्या भरभक्कम दुरुस्तीचा असतो. मजबुतीच्या हौसेने केलेली दुरुस्तीच वस्तूच्या नाशास कारण होते, ही गोष्ट इमारतींच्या जीर्णोद्धारात जशी आढळते तशीच येथेही.

बळकटीचा खरा मार्ग निराळा आहे. खणाच्या बाजूची फळी सामान्यतः अर्ध्या इंचाहून कमी जाड असते, म्हणजे सगळा भार चाकूच्या पात्यासारख्या अरुंद कडेवर येतो. या कडेला आतून एक लांबट पट्टी जोडून टेकण्याची जागा दुप्पट रुंद केली की झिजेची खोली सुमारे निम्म्यावर येते. शिवाय तळाच्या पातळ फळीला जादा आधार मिळतो. इंग्लंडातील चांगल्या कारखान्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस ही युक्ती स्वीकारली. फार रुंद खण, विशेषतः आर्काझच्या जातीचा, एका हाताने ओढला की तिरपा होऊन अडकतो. त्यास तळाच्या मध्यभागी मार्गदर्शक पट्टी दिली म्हणजे तो सरळ येतो. वंगणाविषयीही दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. साबण घासण्याची चाल सर्वत्र आहे, परंतु समुद्रकाठच्या हवेत साबण ओल धरून चिकट होतो. खोबरेल तेल काही महिन्यांनी धूळ धरून गोंदासारखे बनते. मेण उत्तम, आणि चर्चच्या गावात मेणबत्त्यांच्या उरलेल्या तुकड्यांचा तोटा असण्याचे कारण नाही.

आता कालनिर्णयाकडे वळावयास हरकत नाही. पट्टी कशाने बसविली आहे हे पाहणे हे त्याचे पहिले अंग. घणाने घडविलेला चौकोनी बुंध्याचा खिळा जुना. तारेचा गोल खिळा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीनंतर सर्रास झाला. बोथट टोकाचा स्क्रू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीच्या कारखान्यांचा. टोकदार स्क्रू त्यानंतरचा. माथ्यावर अधिक चिन्हाची खाच असलेला स्क्रू १९३० नंतरच्या दशकांतला. खारट हवेत लोखंड गंजते, गंज फुगून पट्टी उभी चिरते आणि खिळ्याभोवती काळा डाग पसरतो. या डागाखालचे भोक नव्या खिळ्याचे नसून जुन्याचे असू शकते, म्हणून रिकामी भोके मोजणे अगत्याचे आहे. भोकांच्या दोन जोड्या असतील तर पट्टी एकदा बदलली किंवा उलटविली गेली. पितळी स्क्रू दिसला तर कारागिरास समुद्राची जाण होती असे मानावे. दुसरे अंग चिकटविण्याच्या द्रव्याचे. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस तपकिरी असतो आणि गरम पाण्याने सुटतो. १९५९ मध्ये मुंबईत फेविकॉल बाजारात आले आणि पुढील काळात सरसाचे भांडे सुताराच्या चुलीवरून उतरले. सांध्यातून ओघळून सुकलेला पांढुरका, गरम पाण्याने सहज न सुटणारा थर दिसला तर ती दुरुस्ती त्या वर्षानंतरची होय. सरसाचा सांधा पुन्हा उघडता येत असे. दुरुस्तीची दुरुस्ती शक्य होती. नव्या द्रव्याने सांधा अधिक बळकट झाला, पण उघडण्याची वाट बंद झाली.

या सर्व खुणा एकत्र वाचल्या म्हणजे एका कपाटाच्या चरित्रातील प्रकरणे वेगळी करता येतात. समजा, एखाद्या खणांच्या कपाटाची पट्टी सागाची असून तिच्या खालच्या अंगासही चर आहे, चौकोनी खिळ्यांची रिकामी भोके आहेत आणि ती सध्या टोकदार स्क्रूंनी बसविलेली आहे. खणाच्या कडेस शिसवाची चीप असून तिचा सांधा सरसाचा आहे. यावरून मूळ बांधणी, पट्टीची उलटापालट आणि चिपेची जोडणी असे निदान तीन टप्पे निघतात, आणि ते सर्व १९५९ च्या नंतरचे असण्याची शक्यता कमी ठरते. नक्षीवरून इतके काही निघत नाही. मात्र येथेही सावधगिरी हवी : सुताराच्या थैलीत जुने खिळे असतात, आणि मोडलेल्या कपाटाची पट्टी दुसऱ्या कपाटात जाते. एक खूण म्हणजे पुरावा नव्हे. तीन खुणा एकाच दिशेने बोलल्या तर त्यांचे ऐकावे.

हा पुरावा आज झपाट्याने नाहीसा होत आहे. मटन स्ट्रीटवरील चोरबाजारात आणि जोगेश्वरीच्या ओशिवरा भागात जुन्या सामानाची खरेदी-विक्री मोठ्या प्रमाणावर चालते. गावठाणातले घर पडून इमारत उभी राहिली की त्यातले कपाट तेथे येते, आणि गिऱ्हाइकास खण बोटाने ओढला तरी यावा अशी अपेक्षा असल्यामुळे लाकडी पट्ट्या काढून त्या जागी पोलादी चॅनल बसवितात. चॅनलमधील गोळ्यांमुळे खण सुरेख सरकतो, यात शंका नाही. नव्या सामानात त्याचा वापर योग्यच आहे. परंतु या चॅनलला खणाच्या प्रत्येक बाजूस सुमारे अर्धा इंच, साडेबारा मिलिमीटरांहून किंचित अधिक, मोकळी जागा लागते. जुना खण तर कपाटात नेमका बसेल असा केलेला असतो. म्हणून त्याच्या दोन्ही बाजू कापून तो एक इंच अरुंद करावा लागतो. या कापणीत कोपऱ्याचे परस्परांत अडकलेले दाते जातात, झिजलेली कड जाते, तिच्यावरची चीप जाते; पट्टी तर आधीच सरपणात गेलेली असते. दर्शनी फळी तेवढी शिल्लक राहते आणि तिला पॉलिश करून जुनी वस्तू म्हणून विकतात. शंभर-दीडशे वर्षांच्या दुरुस्त्यांचा लेख एका दुपारी पुसला जातो.

घरमालकास दोष देण्यात अर्थ नाही. ज्याला कपडे ठेवावयाचे आहेत त्याला सरकणारा खण हवा. परंतु चॅनल न लावताही तो मिळू शकतो, हे वर वर्णिलेल्या क्रमावरून दिसेल. चीप आणि नवी पट्टी यांना लागणारे लाकूड अत्यल्प असते; लागतो तो वेळ आणि पटाशी चालविणारा हात. संग्रहालयांनी तरी या बाबतीत वेगळे धोरण ठेवावयास हवे. गोराईच्या शेजारी मनोरी येथे ईस्ट इंडियन समाजाच्या वापरातील वस्तूंचे संग्रहालय उभारले गेले, ही समाधानाची गोष्ट आहे. अशा ठिकाणी खणांचे कपाट दाखल होईल तेव्हा त्याच्या वर्णनपत्रात लाकडाची जात व नक्षी यांबरोबरच पट्टीची रीत, खिळ्यांचा प्रकार, रिकाम्या भोकांची संख्या, चिपेच्या सांध्याचे द्रव्य आणि पुढच्या व मागच्या टोकाशी मोजलेली पट्टीची जाडी यांची नोंद व्हावी. मोजण्यास एक साधी फूटपट्टी आणि एक विजेरी पुरते. आणि पट्टी बदलणे अपरिहार्यच झाले, तर काढलेली जुनी पट्टी फेकून न देता तिच्यावर पेन्सिलीने तारीख व बाजू, उजवी की डावी, लिहून ती त्याच कपाटाच्या पाठीस आतून सुतळीने बांधून ठेवावी.